च्यारीमिस्त्रींची उडती होडी

नार्व्यात परशुराम च्यारींच्या घरी कोणी पाव्हणा आला की त्याने चपला काढायच्या आधीच नंदाकाकी रांधपघरातून ओरडून सांगायची, "टॉरपेडोच्या उजव्या बाजून येयात! दाव्या बाजून रंग ओलो आसा!"

पाव्हणा जागच्या जागी थांबायचा. ओसरीवर, दोन लाकडी घोड्यांवर, तुळशीवर नेम धरल्यासारखी एक लढाऊ बोट उभी असायची. सात फूट लांब, राखाडी, पुढे सुरीसारखी निमुळती आणि मागे चपटी. दोन्ही बगलांना पाणतीर सोडायच्या नळ्या. नळ्या म्हणजे न्हाणीघराचे उरलेले पाइप. पुढच्या अंगाला तोफ. तोफ म्हणजे नंदाकाकीच्या जुन्या स्टोव्हचा पंप, जो तिने भंगारवाल्यासाठी बाजूला ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर चढलेला पाहिला.

"ही शिगम्याच्या चित्ररथाची काय मिस्त्री?" पाव्हणा विचारायचा.

मिस्त्रींना हा प्रश्न नाकात मुंगी गेल्यासारखा लागायचा. "चित्ररथाची? ही म्हायुद्धांतली बोट. खरी सत्तर फुटांची. दर धा फुटांक हांवें एक फूट धरलां. चित्ररथाची म्हणे!"

मग पाव्हण्याला चहा मिळायला उशीर व्हायचा.

परशुराममिस्त्रींचे आयुष्य बार्जींत गेले. डिचोलीच्या खाणींतला माल मांडवीतून बंदराला नेणाऱ्या त्या लांबरुंद लोखंडी बार्जी जिथे बांधल्या जात, तिथे ते लाकडी फर्मे काढायचे. म्हणजे पत्रा कसा वाकवायचा, कुठे किती गोलाई द्यायची, ते आधी लाकडात करून दाखवायचे आणि मग लोखंडवाल्यांनी त्याबरहुकूम ठोकायचे. माणूस कामाचा पक्का, पण तोंडाचाही पक्का. "न्हंयेंत जें तरंगता तें म्हजें, जें बुडटा तें दुसऱ्याचें," असे ते चारचौघांत सांगायचे. खाणी बंद पडल्या, बार्जी काठाला लागून गंजायला लागल्या, मिस्त्री घरी बसले. आणि घरी बसलेला सुतार म्हणजे बायकोच्या जिवाला घोर. थोड्याच दिवसांत घरातल्या एकाही दाराची करकर उरली नाही. जनेलांच्या, म्हणजे खिडक्यांच्या, सगळ्या कड्या नव्या झाल्या. एके सकाळी नंदाकाकीने भाकरीला घेतलेल्या पाटाला पॉलिश मारलेले निघाले, तेव्हा ती देवापुढे हात जोडून म्हणाली, "ह्या मनशाक कसलेंय एक व्हडलें काम दी रे बाबा."

देवाने ते ऐकले. पण दिले ते मयेच्या विनोदिनी आतेच्या तोंडून.

विनोदिनी आते ही मिस्त्रींच्या वडिलांची धाकटी बहीण. नव्वदीला आलेली, पण जीभ अजून नव्या कोयत्यासारखी. तिचा भाऊ, म्हणजे मिस्त्रींचे वडील कृष्णनाथ, युद्धाच्या दिवसांत मुंबईच्या गोदीत सुतारकामाला होता. तिथे आरमाराच्या वेगवान मोटरबोटी दुरुस्तीला यायच्या. अंगाने पूर्ण लाकडी. दुरुस्त झालेली बोट पाणी घेते की काय हे बघायला सुतारालाच तिच्यात बसवून समुद्रात फिरवून आणायचे, म्हणजे सुतार काम मन लावून करतो. गावी परतल्यावर कृष्णनाथने सांगितले की ती होडी आधी पाण्यात बसते, मग नाक वर काढते, आणि मग अर्ध्याहून अधिक पाण्याबाहेर येऊन नुसत्या शेपटावर धावते.

नार्व्यात तेव्हा होडी म्हणजे वेळूच्या काठीने ढकलायची वस्तू. लोकांनी नीट ऐकून घेतले आणि त्याचे नाव 'उडतो किस्ना' ठेवले. त्याच्या हातच्या खाटांवर अर्धा गाव निजला, पण नाव ते राहिलेच.

आते लग्न होऊन मयेला गेली तर नाव तिच्या आधी तिथे पोचलेले. शेजारचा एक जण, तिला दीर लागणारा, ती तळ्यावरून कळशी घेऊन निघाली की रोज विचारायचा, "वयनी, भावाची होडी आज खंयच्या माडार बसली?" एकदा आतेने भरली कळशी त्याच्या डोक्यावर रिकामी केली आणि म्हणाली, "हांगा बसली." तो भिजला, पण सुधारला नाही. तो गेला तेव्हा हा विनोद त्याच्या मुलाकडे आला. मुलगा गुरुदास. मयेच्या तळ्यात पर्यटकांना पायाने चालवायच्या बोटी भाड्याने देतो. त्याचेही आता केस पिकले, पण आते तळ्याच्या बांधावर फिरायला आली की विचारणारच, "काकी, मामाची होडी देंवली गो सकयल?" उतरली का खाली, म्हणून.

आते भांडायची, जिंकायची आणि घरी येऊन गप्प बसायची. कारण तिनेही ती होडी कधी पाहिली नव्हती. भावाने सांगितले म्हणून खरे, एवढाच तिचा पुरावा.

गेल्या वर्षी फोंड्याला तिच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर मिस्त्री मयेला भेटायला गेले, तर म्हातारी कदेलीवर ताठ बसलेली, खुर्ची नव्हे सिंहासन असल्यासारखी.

"परशू, म्हाका आतां तळ्यापलतडचो बगळो दिसता. तो किते खाता तेंय दिसता. तेन्ना दादाची होडी दाखय."

मिस्त्रींनी लगेच मोबाइल काढला. इंग्लंडात कुणी अशी जुनी बोट दुरुस्त करून फिरवतात, त्याचे चित्रण होते. आतेने बघितलेसुद्धा नाही.

"मोबायलांत माकडूय भाशण करता. म्हाका लाकडाची जाय. म्हज्या मुखार, ह्या तळ्यांत. नाक वयर काडून धांवूंक जाय. आनी त्या गुरुदासाक म्हज्या कुशीक बसय."

"आते, तशी होडी बांदप म्हणजे..."

"बार्जी बांदतालो मू तूं? न्हंयेंत तरंगता तें सगळें तुजें मू? मग बांद. आनी बेगीन बांद. म्हज्याकडेन आतां डोळे आसात, वर्सां नात."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर दोन लाकडी घोडे आले.

नकाशे मिळवले अभिजीतने. हा मूळचा गडहिंग्लजचा, विशीत कामाला म्हणून डिचोलीला आला तो इथलाच झाला. औद्योगिक वसाहतीत त्याची वेल्डिंगची शेड आहे, पोरे इथल्या शाळेत आहेत, फक्त बोलणे आणि तिखट गावाकडचे. "नेटवर समदं मिळतंय की ओ मामा," म्हणत त्याने बोटीचे सगळे आडवे-उभे छेद कागदावर काढून आणले. इंजिनाची सोय पेडण्याहून झाली. मिस्त्रींची मुलगी योगिता तिथे दिली आहे. तिच्या सासरच्या काजूच्या बागेत रान कापायचे एक पेट्रोलचे मशीन पडून होते, ते तिने सासऱ्यांना न विचारता आणि नवऱ्याला विचारल्यासारखे करून आणले. लांबून चालवायचा रिमोट अभिजीतने कुठूनसा मागवला.

"माका रंगवपाचा काम द्या हां बाबा," योगिता म्हणाली.

"माका किते गो? म्हाका म्हण," नंदाकाकी करवादली. "पेडण्याक दिली म्हणून भास थंयची जाली काय?"

"आई, तू टॉरपेडो बघ."

काम जोरात चालले. सांगाडा मिस्त्रींनी फणसाचा केला, कारण फणस पाण्यात कुजत नाही. वर फळ्या ठोकल्या त्या एकावर एक दोन थर, कारण एक थर म्हणजे मिस्त्रींना उघड्याने फिरल्यासारखे वाटत होते. आणि एके दिवशी अभिजीत आला तर मिस्त्री तळात, फासळ्यांच्या मधे, सिमेंट कालवून ओतताना दिसले.

"मामा! ह्येला शिमीट कशाला?"

"बूड जड जाय. बूड हळू आसलें जाल्यार होडी लडबडटा. दर एका बार्जीक आमी घालताले."

"पर ही उडायची हाय न्हवं?"

"उडटली. पूण पयलीं नीट बसूंक नाका?"

अभिजीतने कानाची पाळी खाजवली. मिस्त्रींशी वाद घालणे म्हणजे बंद शटरला टाळ्या मारणे, हे त्याला ठाऊक होते.

पहिल्या चाचणीला बोट अभिजीतच्या टेम्पोतून मयेला गेली. चौघांनी उचलून पाण्यात ठेवली तेव्हा चौघांच्याही कमरा बोलल्या. काठावर आंब्याच्या सावलीत आतेची कदेल, शेजारी स्टुलावर गुरुदास. आतेने नवे पातळ नेसले होते आणि ऑपरेशनचा काळा चष्मा काढून चोळीत खोचला होता, मधे काही नको म्हणून.

इंजिन सुरू झाले. पेडण्याच्या काजूच्या बागेतला तो ओळखीचा कर्कश आवाज तळ्यावर घुमला, बगळे उठले. बोट निघाली. मिस्त्रींनी रिमोटवर वेग वाढवला, आणखी वाढवला, होता तेवढा दिला. बोटीच्या तोंडापुढे पाण्याची केवढी तरी पाळ उठली. बोट उठली नाही. भरल्या पोटाच्या म्हशीसारखी सरळ, शांत, वजनदार चालीने ती तळ्याच्या मध्यापर्यंत गेली, वळली आणि तशीच परत आली.

गुरुदास उभा राहिला. इतका आनंद त्याला पर्यटनाच्या हंगामातही होत नसेल. "मिस्त्री, आंत खनिज भरलां काय? बंदराक पावतली हां, नक्की पावतली. पूण फाल्यां!" पोचेल, पण उद्या, म्हणून.

काठावरचे सगळे हसले. योगितानेही पदराआड तोंड केले. मिस्त्री आतेजवळ गेले.

"ही बरी चलता," आते म्हणाली. "पूण दादाची धांवताली."

एवढेच. त्यापेक्षा तिने शिव्या घातल्या असत्या तर मिस्त्रींना जेवण गेले असते.

टेम्पोत ते म्हणाले, "इंजिन ल्हान पडलें."

"इंजिन ल्हान न्हाई मामा," अभिजीत समोर बघत म्हणाला. "तुमची बार्ज मोठी झाली. आयुष्यभर तुमी होड्या बसवल्या. ही उठवायची हाय."

मिस्त्रींनी त्याच्याकडे असे पाहिले, की आता हा गडहिंग्लजला पायी जाणार. पण घरी पोचल्यावर त्यांनी हातोडी आणि छिन्नी काढली आणि पहिला घाव सिमेंटवर घातला.

मग च्यारींच्या घरात वजन हा एकच विषय झाला. सिमेंट गेले. फळ्यांचा वरचा थर गेला, खालचा रंध्याने इतका तासला की उन्हात धरला तर उजेड दिसेल. फणसाच्या आडव्या फासळ्या काढून हलक्या पांगाऱ्याच्या घातल्या. पाइपाच्या नळ्या जाऊन पुठ्ठ्याच्या आल्या, वर मेण. तोफ म्हणून असलेला स्टोव्हचा पंप नंदाकाकीला परत मिळाला आणि त्याच्या जागी पपईच्या पानाचा पोकळ देठ बसला, राखाडी रंगाचा. नंदाकाकी काट्यावर एकेक वस्तू ठेवून वजन सांगायची. गुपचूप बसलेल्या मिस्त्रींची नजर आपल्याकडे वळलेली दिसली तेव्हा म्हणाली, "म्हजें विचारूं नाकात. हांव बोटींत येना."

आता दोघे जण बोट सहज उचलत होते. मिस्त्री तळहाताने तिचे बूड थोपटून बघायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. बोलणे मात्र कमी झाले होते. एकदा नंदाकाकीने विचारले तेव्हा म्हणाले, "परत तशीच चलली जाल्यार आते किते म्हणटली? काय म्हणची ना. फकत उठून घरा वतली." आते काही बोलणार नाही, उठून घरी जाईल, आणि मग पुन्हा कधी विचारणार नाही. ही धास्ती त्यांनी घेतली होती.

घरातल्यांनाही ती लागली. बाहेरच्यांनाही.

दुसऱ्या चाचणीला काठावर गर्दी होती. अशा बातम्या पसरवायला गुरुदासला वेगळा कर्णा लागत नाही. आते त्याच जागी, तोच ताठपणा. मिस्त्री आणि अभिजीतने बोट पाण्यात सोडली. मागचे टोक कसे हलके, डौलात वर. पुढचे थोडे दबलेले वाटले, पण मिस्त्री म्हणाले, लाट आहे.

इंजिन गरजले, बोट सुटली. सुटली ती खरोखरच सुटली, पहिल्यासारखी लोळत नाही गेली. "आली, आली!" योगिता ओरडली. आणि त्याच क्षणी बोटीने नाक वर काढायच्या ऐवजी खाली घातले. नांगर जमिनीत घुसावा तसे. पाणी डेकवरून चढत पपईच्या तोफेवरून गेले, इंजिनाने दोन आचके दिले आणि तळ्याच्या मधोमध सगळे शांत झाले.

"हळू केली तशी चड बुडटा!" मिस्त्री रिमोटकडे बघत राहिले. जितकी हलकी केली तितकी जास्त बुडते, हे मांडवीत कधी घडले नव्हते.

बोट आणायला शेवटी गुरुदासच गेला. त्याच्याकडची राजहंसाची पायडलबोट मोकळी होती, ती घेऊन. पांढऱ्या हंसाच्या शेपटीला दोरी आणि दोरीला महायुद्धातली लढाऊ बोट, अशी वरात पाय मारत मारत काठाला आली. लोकांनी फोटो काढले. नवल म्हणजे गुरुदास एक अक्षर बोलला नाही. बोट ओढून वर घेताना तोच सगळ्यांत पुढे, आणि चेहरा असा की पाहुण्याच्या पानात केस निघाला आहे.

पाणी निपटायला बोट कलती केली तर नाळेतून, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकातून, गुलाबी पाणी गळायला लागले.

"गे बाये, रगत!" नंदाकाकी म्हणाली.

"रंग सुटलो," मिस्त्री म्हणाले.

"बाबा, आपलो रंग राखाडी," योगिता म्हणाली.

अभिजीत एकाएकी टेम्पोच्या टायरमध्ये हवा आहे का बघायला लागला.

मिस्त्रींनी तोफेखालचे छोटे झाकण उघडले. आत अंधार, दोन मुठी जेमतेम मावतील एवढे तोंड. त्यांनी हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला एक नारळ बाहेर काढला.

"हो म्हजो," ते म्हणाले, आणि त्यात काही विशेष नाही अशा सुरात गर्दीला सांगितले, "नव्या बार्जीच्या नाळेंत देवाचो नाल्ल दवरतात. पयली खेप करून आयली काय मगीर फोडटात. हो सप्तकोटेश्वराचो. काम म्हणजे काम, रीत म्हणजे रीत."

मग त्यांनी पुन्हा हात घातला, कारण नाळ अजून जड होती. दुसरा नारळ निघाला. शेंडीला हळदकुंकू.

"आनी हो?"

नंदाकाकीने हात जोडायला तुळस कुठे दिसते का पाहिले. "तोय सप्तकोटेश्वराचो. तुमचो तुमच्या नांवान, म्हजो म्हज्या नांवान. तुमी सांगलें खंय म्हाका, तुमी घातला म्हणून?"

तिसरा निघाला. त्याला लाल खण बांधलेला.

"पेडण्याच्या भगवतीचो," योगिता म्हणाली. "सासूबाईंनी दिलो. आत एक दिसलो माका, पण मी म्हटला तो तुमचो असतलो."

चौथा निघाला तो डोक्यापासून पायापर्यंत गुलाल माखलेला. मिस्त्रींचा हात कोपरापर्यंत गुलाबी झाला.

"जोतिबाचा हाय मामा," अभिजीत टायरजवळूनच म्हणाला. "गावाकडनं मागवला. म्हटलं, मामांचं एवढं अडलंय. एका नारळानं काय हुतंय?"

"एका नाल्लान!" मिस्त्री ओरडले. "हांव थंय पपयेचो देंठ लायतां वजन कमी करपाक, आनी तुमी नाकार देवळां बांदतात?"

"तुमीय घातला न्हवं!"

"हांव मिस्त्री!"

त्यांनी रागाने पुन्हा हात घातला आणि थांबले. पाचवा निघाला. साधा, सोललेला, शेंडी राखलेला. कुणी पुढे येईना. मिस्त्रींनी आतेकडे पाहिले.

"म्हजो न्हय," आते म्हणाली. "म्हज्या भावाची होडी. तिका देवाक कित्याक त्रास दिवप?"

मग सगळ्यांच्या माना आपोआप एकाच दिशेला वळल्या. गुरुदास राजहंसाची दोरी पुन्हा पुन्हा गुंडाळत होता.

"काल्ल तुमी बोट दाखोवंक हाडिल्ली मू काकीगेर," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "राती हांगाच आसली. म्हळें, काकी परत तशीच घरा गेली जाल्यार... म्हाका किते, मस्करी करपाक कोण मेळटलें मगीर?"

आतेने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. नव्या डोळ्यांनी पाहिले म्हणायला हरकत नाही.

दोष कळला, पण आता नवाच पेच पडला. ठेवलेला नारळ पहिली खेप व्हायच्या आत काढायचा कसा? नंदाकाकीने साफ नाही म्हटले. योगिताला सासू आठवली. अभिजीत म्हणाला, "जोतिबाला खाली उतर म्हणणारा मी कोण?" मिस्त्रींनी स्वतःचा काढून बाजूला ठेवला आणि लगेच पुन्हा उचलून हातात धरला. नारळ ठेवावे तर बोट बुडते, काढावे तर मन. सगळे काठावर पाच नारळ घेऊन उभे.

"काडूं नाकात," शेवटी आते बोलली. "देवांक फुडें कोणें बसयले? फुडें वारें लागता, उदक लागता. फाटल्यान व्हरून बसयात. आरामांत बसतले."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. नाक वर यायचे तर भार मागे हवा. हे अभिजीतच्या कागदांवर लिहिलेले होते, आणि त्यांनी ते वाचलेही होते.

मागच्या टोकाला, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, पाचही नारळ सुतळीने आवळून बसवले. पण देवांची जागा बदलायची म्हणजे गाऱ्हाणे घालायला हवे. आणि त्या वाड्यावर गाऱ्हाणे घालायचा मान गुरुदासच्या घराचा. आता त्याला पळता येईना. त्याने विजार झटकली, बोटीसमोर उभा राहिला, घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! नार्व्याच्या, मयेच्या, पेडण्याच्या आनी घाटावयल्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काठ एका आवाजात म्हणाला.

"ह्या परशुराम च्यारीन होडी बांदल्या. चूकभूल जाली आसत ती पोटांत घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"जाग्याची अदलाबदल केल्या, ती मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

गुरुदास थोडा थांबला. आतेकडे न बघता म्हणाला, "आनी म्हज्या बापायन, आनी हांवें, कृष्णनाथ च्यारीच्या नांवान जी कुचाळी केली, ती ह्या तळ्यांत सोड. होडयेक नाक वयर काडूंक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मिस्त्रींचा आवाज सगळ्यांत वर होता.

"आनी ह्याच निमतान पायबोटींच्या धंद्याकडेय लक्ष आसूं दी."

"व्हय म्हाराजा!" हे थोडे हसत.

इंजिन सुकवून सुरू करायला वेळ लागला, पण कोणी हलले नाही. बोट सोडली. ती आधी मागे बसली, ढुंगणावर बसलेल्या पोरासारखी. मिस्त्रींनी वेग दिला. नाक थरथरले, वर आले, आणखी वर आले, आणि मग पुढचा सगळा भाग पाण्याच्या वर, खाली उजेड दिसतोय, आणि बोट नुसत्या शेपटावर तळ्याच्या अंगावरून अशी सुटली की आवाज तिच्या मागून पळत होता. पपईची तोफ पहिल्याच फटक्याला उडून गेली. मागे पाण्याची पांढरी चीर पडत होती आणि मिटायच्या आत पुढे जात होती. काठावरची माणसे ओरडत होती, कोणीतरी पर्यटक टाळ्या पिटत होता, आणि मिस्त्री रिमोट हातात धरून नुसते बघत होते.

"वळवा मामा!" अभिजीत किंचाळला. "वळवा, झाडीत जातीया!"

मिस्त्रींनी वळवली. बोट एका कुशीवर झुकून, पाण्याचा पंखा उडवत, सगळ्या तळ्याला वळसा घालून आतेच्या समोरून गेली आणि काठाला येऊन टेकली. पाचही नारळ जागेवर.

मिस्त्री आतेच्या कदेलीजवळ उकिडवे बसले. धाप लागलेली, जसे काही तेच पोहून आले.

"पळयलें मू आते? नाक वयर काडलें?"

"काडलें."

"शेपडेर धांवली?"

"धांवली."

पण ती पाण्याकडेच बघत होती. तोंडात काहीतरी घोळत असल्यासारखी.

"मग किते जालें?"

"ना, बरी धांवली. पूण दादा सांगतालो," आते म्हणाली, "ती उडटा तेन्ना तिचे सकयल्यान एक मनीस आपली होडी घेवन आरामांत वतालो. बसल्या जाग्यार विडी ओडीत."

उडत्या होडीखालून एक माणूस आपली होडी घेऊन, विडी ओढत जायचा! मग पहिला गुरुदास फुटला. "म्हणजे म्हजो बापूय सामको चुकिल्लो ना!" बाप अगदीच चुकला नव्हता, म्हणून.

"तूं वगी राव रे!" आते गरजली, आणि मग तिचे स्वतःचेच खांदे हलायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. नंदाकाकी धावली, "आते, डोळे, डोळे! डॉक्टरान सांगलां!" पण म्हातारी पदराने डोळे पुसते आणि पुन्हा हसते. "विडी ओडीत म्हणे! मेलो केदो फटींगपणा करतालो! सगळें खरें सांगून शेवटाक इल्लें आपलें घालतालो. आनी हांव सगळ्या गांवाकडेन झगडत बसलां!"

"आते, पूण हें विडयेचें तूं पयलीं कित्याक सांगलें ना?" मिस्त्री कळवळून म्हणाले.

"सांगिल्लें जाल्यार तूं बांदपाक घेतली आसती?"

नंदाकाकीने विचारले, आता पहिली खेप झाली, तर नारळ फोडायचे का. आतेने हाताने थांबवले, चष्मा चोळीत आणखी नीट खोचला आणि कदेल पाण्याच्या दिशेने एक वीत पुढे सरकवली.

"इतल्यांत ना. परत सोड. आनी ह्या फावट मात्शी लागच्यान व्हर, म्हाका तिचें सकयल पळोवंक जाय."

होडीखालचे तिला जवळून दाखवायला मिस्त्री उठले, आणि त्यांनी इंजिनाची दोरी ओढली.